हेगलंडचं चर्च निघालं

कॅनडातल्या हेगलंडपासून दक्षिणेला अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाणारा बावीस किलोमीटरचा रस्ता गेली अकरा वर्षं अल्विना टोलेफ्सनच्या हाताखाली होता. सरकारदरबारी तो हायवे होता, नकाशावर त्याला नंबरही होता, पण गावातले सगळे त्याला नाक्याचा रस्ता म्हणत. एका टोकाला हेगलंड, दुसऱ्या टोकाला सीमेवरचा नाका, आणि मधे गहू, मोहरी आणि आभाळ. दिवसाला तीस गाड्या गेल्या तर अल्विनाला वाटे, आज वर्दळ होती. आधी हे काम तिचा नवरा आर्ने करायचा. तो गेल्यावर रस्तेखात्याने तिला शहरातल्या ऑफिसात बसायची नोकरी देऊ केली, तर तिने रस्ता सारखा करायच्या यंत्राची, ग्रेडरची किल्ली मागितली. साहेब लोक आठवडाभर कुजबुजले आणि मग त्यांनी ती दिली. तेव्हापासून उन्हाळ्यात खडी सारखी करायची आणि हिवाळ्यात बर्फ लोटायचं, हे तिचं काम. रस्त्याचा कुठला तुकडा कधी रुसतो हे तिला पाठ होतं.

१९८८च्या जूनमधल्या त्या शनिवारी मात्र पहाटे पाचला ती ग्रेडरवर चढली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेत. तिने ते तसेच राहू दिले. आज तिच्या रस्त्यावरून चर्च जाणार होतं.

हेगलंडचं चर्च म्हणजे पांढरं, लाकडी, प्रोटेस्टंट पंथाचं, नॉर्वेहून आलेल्या आजोबा-पणजोबांनी बांधलेलं. गाव आटत गेलं तशी माणसं कमी झाली आणि शेवटी रविवारच्या प्रार्थनेला एकोणीसजण उरले. गेल्या ऑक्टोबरात दाराला कुलूप लागलं. इकडे हे, आणि तिकडे सीमेपलीकडच्या ओपदाल गावात नेमकं उलटं झालं होतं. तिथे माणसं होती, पण त्यांच्या चर्चवर वीज पडली आणि तासाभरात फक्त काँक्रीटचं तळघर शिल्लक राहिलं. ओपदालमध्ये अल्विनाची आतेबहीण बेरिट राहायची, लग्न करून तिकडे गेलेली, आणि नवं चर्च बांधायच्या कमिटीची ती प्रमुख होती. जानेवारीत दोघी बेरिटच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसल्या असताना बेरिट सहज म्हणाली, की आमचं तळघर सव्वीस बाय अठ्ठेचाळीस फूट आहे, त्या मापाचं काही बांधायचं म्हणजे फार कठीण. अल्विनाने कप खाली ठेवला. हेगलंडचं चर्च सव्वीस बाय अठ्ठेचाळीसच होतं. दोन्ही एकाच सुताराने एकाच वर्षी बांधलेली. आणि दोघी एकदम बोलायला लागल्या.

हेगलंडच्या एकोणीसजणांनी मतं दिली, सतरा विरुद्ध दोन. परवानग्या मिळता मिळता वसंत संपला. पण गावातला सगळ्यात कडवा विरोधक त्या एकोणीसांत नव्हताच. तो होता ओरेस्ट बॉयचुक, चौऱ्याहत्तर वर्षांचा युक्रेनी कॅथलिक, ज्याने त्या चर्चमध्ये दोन-चार लग्नं आणि पुष्कळ अंत्यविधी सोडले तर कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की आधी रेल्वे गेली, मग शाळा गेली, मग धान्याचं कोठार पाडलं. आता चर्चही चाकावर घालून नेताय, मग गावाची पाटी तरी कशाला ठेवता? पोस्टाच्या खोलीत, चारचौघांत तो अल्विनाला म्हणाला होता, "तू रस्ता इतका गुळगुळीत करतेस ना, म्हणूनच सगळं घरंगळत चाललंय." लोक हसले. अल्विनाही हसली, पण घरी आल्यावर तिला ते बराच वेळ बोचत राहिलं.

आजच्या कामाचा प्रमुख होता हर्ब वीब, घरं उचलून नेणारा माणूस. बुटका, खांद्याने रुंद आणि अतिशय हळू बोलणारा. त्याने आठवडाभर खपून चर्चखाली लोखंडी तुळया सरकवल्या होत्या, जॅकवर अख्खी इमारत उचलली होती आणि खाली बत्तीस चाकं लावली होती. मनोऱ्याचं टोक काढून वेगळ्या ट्रेलरवर आडवं बांधलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की परवाना फक्त शनिवारचा आहे, सोमवारी मला दोनशे मैलांवर एक शाळा हलवायचीय, आणि अमेरिकेचा नाका सहाला बंद होतो. सहाच्या आत चर्च पलीकडे गेलं तर गेलं. नाही गेलं तर ते मोहरीच्या शेताशेजारी उभं राहील, आणि पुन्हा कधी हलेल ते देव जाणे.

सात वाजता हर्बने ट्रकचं इंजिन सुरू केलं. गावात उरलेली सगळी माणसं, शेतावरची माणसं, आणि कित्येक वर्षांपूर्वी शहरात गेलेली माणसं रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसली होती. मोठ्या भांड्यांत कॉफी होती, अंड्याची सँडविच होती, आणि रूबार्बचे आंबट देठ भरून भाजलेले गोड 'पाय' होते, तेही तीन तऱ्हेचे, कारण तीन बायकांचं आपसात पटत नव्हतं. ट्रकने दोर ताणला, कुठेतरी लाकूड कण्हल्यासारखं वाजलं, आणि चर्च हललं. आधी हाताच्या पंजाएवढं, मग हातभर. मग ते चालूच लागलं. सगळे नुसते उठून उभे राहिले. ग्रेडरच्या केबिनमधून अल्विनाने ते पाहिलं आणि तिच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की तिला वाटलं इंजिनचाच आवाज आहे.

ती पुढे, चर्च मागे. माणसाच्या चालीने. रुंदी इतकी, की दोन्ही बाजूंची साईडपट्टी संपून गवतावर छपराची सावली पडत होती. तीन आठवडे ती त्या साईडपट्ट्यांवर खपली होती. मुरूम टाकला होता, रोलर फिरवला होता, उंदरांची बिळंसुद्धा बुजवली होती. विजेच्या तारा आल्या, की वीज कंपनीचे दोन वायरमन शिडीच्या गाडीवरून तार उचलून धरत आणि चर्च खालून वाकल्यासारखं निघून जाई. अशा तारा सात ठिकाणी होत्या. मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि अगदी शेवटी, सगळ्यांपासून दोनशे पावलं अंतर राखून, ओरेस्ट बॉयचुकचा जुना हिरवा ट्रक येत होता. मयताला आल्यासारखा, भरदिवसा दिवे लावून.

चौदाव्या किलोमीटरवर रस्त्याखालून पाणी जायची मोरी होती. या रस्त्यावर अल्विनाची झोप उडवणारी एकच जागा असेल तर ती हीच. खाली पत्र्याचा पाईप, चाळीस वर्षं जुना, आणि वरून आता जायचं होतं साठ टनांचं ओझं. तिने पाईपमध्ये ओंडके ठोकून आधार दिला होता, वर रेल्वेच्या जुन्या फळ्या अंथरल्या होत्या आणि त्यावर लोखंडी पत्रे. हर्ब खाली उतरला, मोरीच्या दोन्ही बाजूंना वाकून बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"जाईल," अल्विना म्हणाली.

"खात्रीने?"

"तू थांबला नाहीस तर."

हर्बने मान हलवली, ट्रकमध्ये बसला आणि थांबला नाही. पुढची चाकं गेली. मधली गेली. मागची चाकं पत्र्यावर चढली तेव्हा खालून बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, एक ओंडका फुटला, आणि चर्चचा मागचा कोपरा एकदम वीतभर खाली बसला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग चर्च पलीकडे जाऊन सरळ उभं राहिलं. गाड्यांमधून उतरलेली माणसं टाळ्या वाजवत होती. तिने पाईपकडे बघितलं. तो वाकला होता, पण होता. वायरमनपैकी एकाने येऊन तिच्याशी हात मिळवला.

तीन वाजून दहा मिनिटांनी ते नाक्यावर पोहोचले आणि अल्विनाने ग्रेडर कडेला लावला. देशाबाहेर जाणाऱ्याला कॅनडाच्या बाजूला कुणी फारसं विचारत नाही. तिथला अधिकारी बाहेर येऊन टोपी काढून उभा राहिला होता. अडचण असलीच तर पुढे, शंभर पावलांवर. अमेरिकेच्या बाजूला वेन्डेल क्रूगर होता, गेली सतरा वर्षं त्याच खिडकीत बसणारा. अल्विनाला तो रोजचाच, पण आज त्याने ठेवणीतला गणवेश घातला होता आणि बूट असे चमकावले होते, की त्यात ढग दिसत होते. त्याच्या फॉर्मवर मालाच्या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: वापरलेली लाकडी इमारत, एक. चर्च जावं म्हणून नाक्याची मोठी पाटी आदल्या दिवशी त्याने स्वतः उपटून ठेवली होती. पलीकडे ओपदालची माणसं जमली होती, दीडशे तरी, आणि सगळ्यांत पुढे बेरिट, लाल रुमाल हलवत.

वेन्डेल हातात फॉर्म लावलेली पाटी आणि पेन घेऊन चर्चभोवती फिरला. खालची माती धुतलीय का, ते बघितलं. धुतली होती. तुळयांना चिकटलेलं गवत बघितलं. मग दक्षिणेच्या भिंतीशी तो थांबला आणि त्याने बोट लावून काहीतरी चाटलं.

"अल्विना," त्याने हाक मारली. "जरा इकडे या."

पांढऱ्या भिंतीवरून, खिडकीच्या खाली, मधाचा एक जाड ओघळ हळूहळू उतरत होता. मोरीवर बसलेल्या धक्क्याने एक फळी चिरली होती. चिरेतून आधी एक मधमाशी बाहेर आली, मग पाच, आणि मग अल्विनाने कान लावला तर आत भिंतभर गुणगुण चालली होती.

वेन्डेलने फार वाईट वाटत असल्यासारखं तोंड केलं. त्याने सांगितलं, की इमारत नेता येईल, बाकं नेता येतील, पण मधमाश्या कागदांशिवाय सीमा ओलांडत नाहीत. रोगराईचा नियम आहे आणि तो त्याने केलेला नाही. कागद मिळायला तीन आठवडे लागतात. माश्या भिंतीत असतील तर भिंत जाणार नाही, आणि भिंत जाणार नसेल तर चर्चही जाणार नाही.

बातमी रांगेतून मागे गेली आणि दहा मिनिटांत प्रत्येकाकडे एक उपाय होता. कुणी म्हणालं पाणी मारा, कुणी म्हणालं औषध फवारा. औषधाचं नाव काढताच दोन-तीन बायकांनी त्या माणसाकडे असं बघितलं, की तो गप्प झाला. हर्बने घड्याळाकडे बघितलं आणि अतिशय हळू आवाजात सांगितलं, की इथून ओपदालपर्यंत अजून दोन मैल आहेत, तेव्हा मला आता गप्पा मारायला वेळ नाही. रेषेपलीकडून बेरिट हातवारे करून काय झालं विचारत होती. सीमेच्या रेषेवर कुणी पाय ठेवत नव्हतं, त्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागत होतं.

"माश्या," अल्विना ओरडली.

"काय?"

"भिंतीत माश्या."

बेरिटने डोक्याला हात लावला.

या पट्ट्यात मधमाश्यांचं काम येणारा माणूस एकच होता. अल्विना रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेली. हिरव्या ट्रकची काच खाली होती आणि ओरेस्ट आत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. ट्रकच्या मागे दोन रिकाम्या मधपेट्या होत्या, जाळीची टोपी होती आणि धुराचा डबा होता.

अल्विनाने त्या पेट्यांकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"माझ्याच आहेत त्या," ओरेस्ट म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पेटीतून उठल्या आणि थेट तुमच्या चर्चच्या भिंतीत. कॅथलिक घरातल्या माश्या. मला त्यांनी विचारलंही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

अल्विनाला राग आला, खरा राग, दिवसभराच्या धडधडीसकट वर आलेला. तिला वाटलं याला चार शब्द सुनावावेत. पण तिने त्याचं तोंड बघितलं, आणि तिला दिसलं की त्याने आज दाढी केलीय, आणि गळ्यात टाय आहे. सकाळपासून तो दोनशे पावलं मागून येत होता तो तमाशा बघायला नव्हे. तो चर्चला पोहोचवायला आला होता.

ती दाराला टेकून उभी राहिली. "ओरेस्ट," ती म्हणाली, "तू पोस्टात जे म्हणालास ते मला लागलं होतं. खरं होतं म्हणून लागलं. सगळं जातंय, आणि मी रस्ता झाडते. पण हे कुलूप लावून ठेवलं असतं तर दहा वर्षांत छप्पर बसलं असतं. तू बघितलं असतंस, मी बघितलं असतं. त्यापेक्षा जाऊ दे. आत माणसं बसतील."

ओरेस्टने बियांची टरफलं बाहेर टाकली. समोर, चर्चच्या पांढऱ्या पाठीकडे त्याने हनुवटीने खूण केली.

"चर्च जाऊ दे," तो म्हणाला. "माश्या मी देणार नाही त्या अमेरिकनांना."

"कुणी मागतंय का?"

"फळी कोण उपटणार? माझा खांदा वर जात नाही."

"मी."

"चावतील."

"चावू देत," अल्विना म्हणाली, आणि ट्रकच्या मागून स्वतःच एक पेटी उचलून चालायला लागली.

मग पुढचे दोन तास नाक्यावर जे चाललं ते तिथल्या माणसांनी नंतर वर्षानुवर्षं सांगितलं. हर्बने तुळईवर फळी टाकून उभं राहायला जागा करून दिली. जाळीची टोपी एकच होती, ती ओरेस्टने अल्विनाला घातली. स्वतः टायवर, उघड्या डोक्याने उभा राहिला. त्याने डब्यात वाळलेलं गवत पेटवलं आणि चिरेतून धूर सोडला. गुणगुण आधी चढली, मग बसली. अल्विनाने पहार घातली आणि पहिली फळी कडकड करत निघाली.

आतलं पोळं पाहून खाली उभ्या असलेल्या लोकांच्या तोंडून एकच श्वास बाहेर पडला. भिंतीच्या दोन खांबांमध्ये, माणसाच्या उंचीचं, सोनेरी, थरांवर थर, आणि त्यावर माश्यांचं जिवंत तपकिरी पांघरूण हलत होतं. ओरेस्ट त्या क्षणी बदलला. पोस्टातला कुरकुऱ्या म्हातारा गेला आणि त्याच्या जागी कुणीतरी तरुण, नेमकी, हलकी बोटं चालवणारं उभं राहिलं. तो एकेक पोळं सुरीने कापून सोडवत होता, चौकटीत सुतळीने बांधत होता, पेटीत उभं करत होता, आणि सारखा माश्यांशी युक्रेनीत काहीतरी पुटपुटत होता. अल्विनाला एक शब्द कळत नव्हता, पण तिला वाटलं, तो त्यांना रागावतोय आणि लाडही करतोय. तिच्या मनगटावर एक चावली, बोटावर दुसरी. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या हातापायांत एक विलक्षण जोर आला होता.

वेन्डेल नियमाप्रमाणे दहा पावलांवर उभा होता. एक माशी सरळ जाऊन त्याच्या कानाला चावली. त्याचा कान टोमॅटोसारखा झाला, पण तो गणवेशात होता, म्हणून हललाही नाही.

पावणेपाच वाजले. पाच वाजले. सगळी पोळी पेटीत गेली तरी माश्या बाहेरच घोंगावत होत्या. ओरेस्ट म्हणाला, राणी सापडत नाही, आणि राणी भिंतीत राहिली तर ह्या सगळ्या परत भिंतीत जातील. तो कपाळावर आडवा हात धरून त्या पोकळीत बघत राहिला. खाली सव्वातीनशे माणसं आणि दोन देशांचे अधिकारी माना वर करून बघत होते.

अल्विनाने टोपीच्या जाळीतून बघितलं. खिडकीच्या चौकटीखाली, सावलीत, माश्यांचा एक छोटा गठ्ठा होता, मुठीएवढा, बाकीच्यांपेक्षा शांत. तिने बोट दाखवलं. ओरेस्टने वाकून बघितलं, हात पुढे केला आणि तो गठ्ठा अख्खाच्या अख्खा, फुलं तोडावीत तसा ओंजळीत घेतला. दोन बोटांनी माश्या बाजूला केल्या, आणि आत राणी होती. मग त्याने ओंजळ पेटीच्या तोंडाशी नेली आणि उघडली.

"ये बाई," तो म्हणाला, सगळ्यांना कळेल अशा भाषेत. "घरी चल."

काही क्षण काहीच झालं नाही. मग पेटीच्या दाराशी काही माश्या बाकीच्यांना बोलावत, मागचा भाग वर करून पंख फडफडवू लागल्या, आणि हवेतल्या माश्या उतरायला लागल्या. आधी थेंब थेंब, मग धार लागल्यासारख्या. भिंतीवरचं तपकिरी पांघरूण सरकत सरकत पेटीत शिरलं. साडेपाचला दहा मिनिटं असताना ओरेस्टने पेटीच्या तोंडाला जाळी ठोकली.

अल्विनाने मध खरवडला, बायकांनी गरम पाण्याच्या बादल्या आणल्या, हर्बच्या माणसांनी फळ्या परत ठोकल्या. वेन्डेल सुजलेला कान घेऊन आला, त्याने भिंतीला कान लावला, मग दुसरा, चांगला कान लावला. दोन-तीन चुकार माश्या अजून भिरभिरत होत्या. अल्विनाने त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"नियमात वसाहत म्हटलंय," वेन्डेल विचार करून म्हणाला. "ह्या प्रवासी आहेत."

त्याने शिक्का मारला. पाच वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

आता राहिलं होतं ते नाक्याचं छप्पर. एका बाजूला छपराचा खांब, दुसऱ्या बाजूला कुंपणाचा सिमेंटचा खुंट, आणि मधून जायचं होतं चर्च. हर्बच्या हिशेबाने दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी राहत होती. त्याला ट्रकमधून काहीच दिसणार नव्हतं. त्याने अल्विनाला विचारलंही नाही, फक्त मान हलवली, आणि ती पुढे जाऊन उभी राहिली. ती उलट्या पावलांनी मागे चालू लागली आणि चर्च तिच्यावर चालून यायला लागलं. डावा हात वर, थोडं डावीकडे. दोन्ही हात वर, सरळ. चर्चच्या छपराची कड खांबाजवळून अशी सरकली, की जुन्या रंगाचा एक पापुद्रा सुटून भिरभिरत खाली पडला. अल्विनाच्या लक्षातही आलं नाही, की तिची टाच केव्हाच रेषेपलीकडे गेली होती. तिला कळलं ते मागून बेरिटने कमरेला मिठी मारली तेव्हा.

"अगं थांब, हात वर करू दे मला," अल्विना ओरडली, पण हसू फुटल्यामुळे तिचे हात वर होईनात. आणि हर्ब थांबला नाही, कारण मागची चाकंही आत आली होती.

सहाला चार मिनिटं असताना हेगलंडचं चर्च अमेरिकेत उभं होतं. दोन्ही बाजूंची माणसं मिळेल त्याला मिठी मारत होती. वायरमन रडत होते. हर्ब वीबने ट्रकच्या पायरीवर बसून रूबार्बच्या पायचा दिवसातला पहिला तुकडा खाल्ला आणि कुणाचा आहे ते न विचारता म्हणाला, की चांगला आहे. त्यावरून पुढे बरंच काही झालं.

वेन्डेलने घड्याळ बघून फाटकाचा दांडा खाली घेतला. अल्विनाचा ग्रेडर पलीकडे, ती अलीकडे. बेरिट तिला सोडायला तयार नव्हती. अकरा वर्षांत अल्विनाने रस्ता एका रात्रीपुरताही सोडला नव्हता, आणि आज तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. दांड्यापलीकडे ओरेस्ट दोन पेट्यांना दोर बांधत होता. त्याचा टाय मधाने छातीला चिकटला होता.

"उद्याची प्रार्थना किती वाजता आहे?" त्याने वर न बघता विचारलं.

"दहाला."

"मी आपलं विचारलं."

साडेआठला ऊन अजून लांबलचक असताना चर्च ओपदालच्या तळघरावर उतरलं. सुतार कसलेला असावा. चारही कोपरे बसले.

रविवारी अल्विनाला पाचलाच जाग आली. बोट सुजून दुप्पट झालं होतं. बेरिटच्या घरात बसवेना, म्हणून ओपदालमध्येच राहणारा वेन्डेल कामावर निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर गाडीत बसून नाक्यावर आली, ग्रेडर नीट आहे की नाही बघते असं सांगून. आठ वाजायला पाच मिनिटं होती. वेन्डेल कुलूप उघडत होता आणि तो एकदम थांबला.

उत्तरेला, तिच्या रस्त्यावर, धूळ उठली होती. एका गाडीची नव्हे. चढावरून एकामागून एक काचा चमकत येत होत्या आणि अल्विना त्या ओळखत होती. थोर्वाल्डची निळी गाडी. जुळ्या बहिणींची जुनी, जिचं एक दार वेगळ्या रंगाचं होतं. गेली पाच वर्षं तिच्याशी न बोललेल्या शेजाऱ्याची. दुसऱ्या पंथाच्या मेथडिस्टांची, आणि मेथडिस्टांशी ज्यांचं पटत नाही त्यांचीही. एकवीस, बावीस, तेवीस. हिरवा ट्रक या वेळी मागे नव्हता, मधोमध होता, आणि त्याच्या खिडकीतून कुणाचीतरी रविवारची हॅट बाहेर डोकावत होता. वेन्डेलने सतरा वर्षांत इतकी रांग कधी पाहिली नव्हती. त्याने घाईघाईने टोपी सरळ केली, दांडा उचलला आणि पहिल्या गाडीच्या खिडकीशी वाकला.

गाडीत एक्क्याण्णव वर्षांच्या गुड्रून आजी बसल्या होत्या, मांडीवर भजनाचं पुस्तक घेऊन.

"कुठे निघालात?" त्याने रोजच्यासारखं विचारलं.

"कुठे म्हणजे?" आजी म्हणाल्या. "आमच्या चर्चला."